आधी दोष शोधा, मग बॅटरी बदला

जुन्या गाडीची चावी फिरवली, सेल्फने एकदा ‘टक्’ केले आणि तो गप्प बसला, की घरातल्या सर्वांचे बोट एकाच वस्तूकडे वळते. ती म्हणजे बॅटरी. शेजारीपाजारी धक्का मारायला येतात, गाडी सुरू होते आणि संध्याकाळपर्यंत नवी बॅटरी बसवलीही जाते. काही दिवस सर्व सुरळीत चालते. मग एका सकाळी तीच ‘टक्’ पुन्हा ऐकू येते.

इंदूरच्या एका वाचक भगिनीचे पत्र याच दुखण्याविषयी आहे. त्यांच्याकडे सासऱ्यांनी हौसेने घेतलेली १९७२ सालची अॅम्बॅसडर मार्क टू आहे. गेल्या आठ महिन्यांत तिला दोन बॅटऱ्या लागल्या. रात्री हेडलाइट लावले की डॅशबोर्डवरचा लाल दिवा मंद पेटतो आणि वेग वाढवला की तो आणखी उजळतो. देवासहून एका लग्नाहून परतताना हेडलाइट इतके पिवळे पडले की, समोरून ट्रक गेल्यावर क्षणभर रस्ताच दिसेना. बॅटरीवाला म्हणतो, ‘बॅटरीत दोष नाही.’ एक मिस्त्री म्हणतो, ‘डायनामो वाइंडिंगला द्या.’ दुसरा म्हणतो, ‘डायनामो फेका, अल्टरनेटर टाका.’ यजमान म्हणतात, ‘गाडीच विकून टाका.’ सासरे काही बोलत नाहीत. बॅटरी चार्ज राहावी म्हणून ते रोज सकाळी दहा मिनिटे गाडी जागेवर सुरू ठेवतात. ‘आम्ही नेमके काय करावे?’ असा ताईंचा प्रश्न आहे.

अॅम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, फियाटची पद्मिनी तर त्याच्याही आधी बंद झाली. तरीही या गाड्या अनेक घरांत आजही जिवापाड सांभाळल्या जातात. म्हणून हे उत्तर ताईंपुरते न ठेवता सविस्तर देत आहोत. ते एका वाक्यात सांगायचे तर, काहीही विकत घेण्याआधी आणि काहीही विकून टाकण्याआधी एक मल्टिमीटर आणि एक रविवार खर्च करा. तपासणीचा क्रम मात्र स्वस्ताकडून महागाकडे असावा.

बॅटरी म्हणजे रांजण, विहीर नव्हे

बॅटरी वीज तयार करत नाही, ती फक्त साठवते. घरातल्या रांजणासारखे तिचे काम असते. सेल्फ मारताना या रांजणातून एकदम बरेच पाणी उपसले जाते. ते पुन्हा भरायचे काम डायनामोचे. इंजिनच्या पुढे असलेल्या फॅनबेल्टवर तो फिरतो आणि वीज तयार करतो.

दोघांच्या मधे एक छोटी पेटी असते, कंट्रोल बॉक्स. आपल्याकडचे मिस्त्री तिला सरसकट ‘कटआऊट’ म्हणतात. वास्तविक तिच्यात दोन कामे चालतात. पहिले काम कटआऊटचे. डायनामोचा दाब बॅटरीपेक्षा वाढला की तो दोघांना जोडतो आणि इंजिन मंदावले की तोडतो. नाहीतर रांजणातले पाणी उलटे विहिरीत वाहून जाईल. दुसरे काम रेग्युलेटरचे. वेग वाढला तरी दाब प्रमाणाबाहेर जाऊ नये, यावर तो लक्ष ठेवतो.

म्हणजे साखळी अशी झाली : फॅनबेल्ट, डायनामो, कंट्रोल बॉक्स, तारा, बॅटरी आणि शेवटी अर्थिंग. यातली कोणतीही कडी कच्ची असली तरी लक्षण एकच दिसते, ते म्हणजे बॅटरी बसणे. म्हणूनच बिचारी बॅटरी बदनाम होते.

इथे एक महत्त्वाची गोष्ट सांगितली पाहिजे. इंजिन अगदी मंद चालत असताना डायनामो चार्जिंग जवळजवळ करतच नाही. त्याचा वेग पुरेसा झाल्याशिवाय कटआऊट जोडलेच जात नाही. रोज सकाळी गाडी जागेवर दहा मिनिटे चालू ठेवल्याने बॅटरी भरत नाही, उलट सेल्फ मारताना गेलेली वीजही परत येत नाही. असे महिनाभर चालले तर चांगली बॅटरीसुद्धा मान टाकेल. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा दिवसा अर्धा-पाऊण तास गाडी मोकळ्या रस्त्यावर फिरवून आणणे कितीतरी चांगले. ते जमत नसेल तर विजेवर चालणारा छोटा चार्जर वापरावा.

लाल दिव्याची भाषा

डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याचे एक टोक इग्निशनच्या चावीकडे आणि दुसरे डायनामोकडे असते. दोन्हीकडचा दाब सारखा झाला की दिवा विझतो. त्यांत फरक असेल तितका तो उजळतो. हे एकदा समजले की हा दिवा बरेच काही सांगतो.

चावी फिरवली, इंजिन बंद आहे, तेव्हा दिवा लागलाच पाहिजे. मंद गतीला तो लुकलुकला तर घाबरू नका, डायनामोच्या गाडीत ते स्वाभाविक आहे. वेग वाढताच तो पूर्ण विझला पाहिजे.

वेग कितीही वाढवला तरी दिवा लखलखीत पेटलेलाच राहिला तर फॅनबेल्ट तुटला असेल, डायनामो काम करत नसेल किंवा त्याची तार सुटली असेल. चालत्या गाडीत असे झाले तर लगेच बाजूला थांबून बॉनेट उघडा. अॅम्बॅसडरमध्ये तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. पट्टा तुटलेला असताना गाडी तशीच दामटली तर थोड्याच अंतरात इंजिन तापून मोठा खर्च उभा राहील.

दिवा मंद पेटतो आणि वेगाबरोबर उजळत जातो, याचा अर्थ निराळा. डायनामो वीज करतो आहे, पण ती बॅटरीपर्यंत धड पोहोचत नाही. वाटेत कुठेतरी अडथळा आहे. याउलट वेग कमी केल्यावर किंवा दिव्यांचा भार टाकल्यावर लाल दिवा उजळतो आणि वेग वाढवताच मंदावतो, तर डायनामोच कमी पडतो आहे किंवा पट्टा घसरतो आहे असे समजा.

आणखी एक खूण धोक्याची आहे. चावी फिरवूनही दिवा मुळीच लागला नाही तर बहुधा त्याचा बल्ब गेलेला असतो. पण कटआऊटचे कॉन्टॅक्ट चिकटून बसले असले तरीही दिवा लागत नाही, आणि मग उभ्या गाडीत बॅटरीची वीज डायनामोतून सतत वाहत राहते. गाडी तासन्‌तास उभी असूनही डायनामोला हात लावल्यावर तो गरम लागला तर ताबडतोब बॅटरीची केबल काढा. तारा तापून पेट घेण्याची भीती असते.

पहिली पायरी : बॅटरीची परीक्षा

बॅटरीवर संशय आहे ना, मग तिचीच परीक्षा आधी घेऊ. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, काहीही सुरू करण्याआधी, मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ च्या सुमारास ती अर्धी रिकामी असते. १२ च्या खाली असेल तर आधी तिला बाहेरून पूर्ण चार्ज करून आणा आणि मगच पुढची तपासणी करा. रिकाम्या बॅटरीवर केलेली परीक्षा फसवी ठरते.

भरलेल्या बॅटरीवर कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरवर नजर ठेवा. आकडा ९.६ व्होल्टच्या खूप खाली कोसळला तर बॅटरी खरोखरच कमजोर आहे. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर सहाही खान्यांत डिस्टिल्ड पाणी प्लेटांच्या वर आहे की नाही ते पाहा. हायड्रोमीटरने पाच खाने सारखे दिसतात आणि एकच खूप खाली आहे, असे आढळले तर तो खाना मेलेला आहे. अशी बॅटरी बदलण्यास हरकत नाही. पण ती का मेली, हे शोधल्याशिवाय नवी बसवू नका.

आता एक सोपी घरगुती युक्ती. रात्री बॅटरीची अर्थकडची केबल काढून ठेवा आणि सकाळी परत लावून सेल्फ मारा. एरवी बसणारी बॅटरी आज झटक्यात लागली तर चार्जिंग नव्हे, गळती हा दोष आहे. डिकीतला दिवा, नंतर बसवलेला टेप किंवा उंदरांनी कुरतडलेली एखादी तार रात्रभर बॅटरी पीत असते.

दुसरी पायरी : पट्टा, तारा आणि अर्थिंग

या पायरीवर जवळजवळ काहीच खर्च नसतो. गॅरेजमध्ये घाईत हीच पायरी गाळली जाते.

इंजिन बंद ठेवून फॅनबेल्ट दोन पुल्यांच्या मध्यावर अंगठ्याने दाबा. तो साधारण अर्धा इंच, म्हणजे १२-१३ मिलिमीटर दबला पाहिजे. त्याहून खूप सैल असेल तर भार पडताच घसरतो. फार ताणला तर डायनामोचे बेअरिंग आणि पाण्याचा पंप दोन्ही झिजतात. पट्ट्याच्या आतल्या कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील किंवा त्यांना चिरा पडल्या असतील तर पट्टा बदला.

नंतर बॅटरीची टोके पाहा. त्यांवर पांढरी-हिरवी बुरशी साचली असेल तर केबल काढून कोमट पाण्यात खाण्याचा सोडा मिसळून धुवा. सोड्याचे पाणी बॅटरीच्या खान्यांत जाता कामा नये. टोके कोरडी करून खरवडा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा.

बॅटरीची एक केबल गाडीच्या अंगाला जोडलेली असते आणि इंजिनपासून अंगाला दुसरी एक पट्टी जाते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्याने या पट्टीला फार महत्त्व आहे. पन्नास वर्षांत तिथे गंज, रंग आणि तेल यांचे थर बसतात. वरून सगळे ठीक दिसते, पण वीज अडखळत जाते. हे मोजताही येते. इंजिन मध्यम वेगात ठेवून हेडलाइट लावा. मीटरचे एक टोक डायनामोच्या उघड्या धातूवर आणि दुसरे बॅटरीच्या अर्थ टोकावर धरा. आकडा जवळजवळ शून्य हवा. अर्धा व्होल्ट जरी दिसला तरी अर्थिंग उघडून, घासून पुन्हा आवळा.

तिसरी पायरी : दोन ठिकाणी मोजा

डायनामोच्या मागे दोन टर्मिनले असतात. ल्युकस पद्धतीच्या डायनामोत मोठे ते ‘डी’ आणि लहान ते ‘एफ’. डी मधून तयार झालेली वीज बाहेर येते, तर एफ मधून डायनामोतल्या चुंबकाला बळ मिळते.

इंजिन मध्यम वेगात, हेडलाइट लावलेले, अशा स्थितीत आधी बॅटरीच्या टोकांवर आणि मग डी व इंजिनचा धातू यांच्यामध्ये व्होल्ट मोजा. बॅटरीवर १३.५ ते १४.५ च्या सुमारास आकडा असेल तर चार्जिंग व्यवस्थित आहे. १५ च्या वर सतत राहत असेल तर चार्जिंग जास्त होते आहे, पाणी उडेल आणि बल्ब जातील.

बॅटरीवर जेमतेम १२ आणि डी वर भरपूर, असे दिसले तर डायनामो निर्दोष आहे. वाट अडली आहे. या दोन आकड्यांतला फरक पाऊण व्होल्टच्या आत हवा. फरक जास्त असेल तर डी पासून कंट्रोल बॉक्स आणि तिथून बॅटरीपर्यंतचा एकेक जोड तपासा. मात्र डी वरही आकडा कमीच असेल तर डायनामोची स्वतंत्र परीक्षा घ्यायची.

ती अशी. इंजिन बंद करून डी आणि एफ च्या दोन्ही तारा काढून बाजूला ठेवा. छोट्या तारेने ही दोन टर्मिनले एकमेकांना जोडा. मीटरचे एक टोक त्यांना, दुसरे डायनामोच्या धातूला लावा. इंजिन सुरू करून वेग हळूहळू वाढवा. आकडा न अडखळता भराभर चढला पाहिजे. तो २० व्होल्टच्या पुढे जाऊ देऊ नका आणि इंजिन जोरात फिरवू नका. ही परीक्षा काही सेकंदांचीच असते.

आकडा व्यवस्थित चढला तर डायनामो उत्तम आहे, वाइंडिंगला देण्याचे काही कारण नाही. आकडा मुळीच हलला नाही तर कार्बन ब्रश झिजले किंवा अडकले असण्याची शक्यता जास्त. अर्धा ते एक व्होल्टवरच थांबला तर फील्ड कॉइलमध्ये दोष असतो. चार-पाच व्होल्टवर अडला तर आर्मेचर संशयित ठरते. वाइंडिंगचा खर्च खरा लागतो तो या शेवटच्या दोन बाबतींतच. झिजलेले ब्रश अगदी थोड्या पैशांत बदलले जातात, आणि काळा पडलेला कॉम्युटेटर बारीक काचकागदाने साफ होतो. तिथे एमरी पेपर मात्र वापरू नये, कारण त्याचे कण खाचांत अडकून बिघाड करतात.

डायनामोच्या मागच्या टोकाला तेलासाठी एक बारीक छिद्र असते. त्यात सर्व्हिसिंगच्या वेळी इंजिन ऑइलचे दोन-चार थेंबच सोडायचे. अधिक सोडले तर तेल कॉम्युटेटरवर उडून चार्जिंग बंद पडते. डायनामो उघडून पुन्हा बसवला असेल तर ‘पोलराइज केला का?’ हा प्रश्न मिस्त्रींना जरूर विचारा. चुंबकाची दिशा बॅटरीशी जुळवण्याचे हे काम एका क्षणाचे असते, पण ते राहिले तर दुरुस्त डायनामोही नीट काम करत नाही.

चौथी पायरी : कंट्रोल बॉक्स

डायनामो निर्दोष, तारा निर्दोष, तरीही बॅटरीपर्यंत वीज नाही, असे झाले की मग कंट्रोल बॉक्सकडे यायचे. झाकण उघडण्याआधी बॅटरीची केबल काढलीच पाहिजे. आत चांदीच्या रंगाचे कॉन्टॅक्ट दिसतील. ते काळे पडले, खडबडीत झाले की वीज अडते. बारीक काचकागदाची पट्टी कॉन्टॅक्टमधून हलकेच ओढायची आणि स्वच्छ कपड्याने पुसायचे.

या पेटीच्या ‘ई’ टर्मिनलची अर्थकडची बारीक तार हमखास दुर्लक्षित राहते. ती सैल असली तर कटआऊटच्या कॉइलला वीज मिळत नाही, कॉन्टॅक्ट जुळत नाहीत आणि चार्जिंग थांबते. एवढ्याशा स्क्रूपायी अख्खा बॉक्स बदललेला आढळतो.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. बॅटरी जोडलेली असताना कटआऊटचे कॉन्टॅक्ट बोटाने दाबून ‘लागतो का’ ते पाहू नका, कारण बॅटरीचा मोठा प्रवाह डायनामोकडे धावून तारा जळतात. आणि रेग्युलेटरचे स्क्रू अंदाजाने फिरवू नका. ते काम योग्य मीटर असलेल्या जुन्या, जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनचेच आहे.

दोष नाही, तरीही बॅटरी बसते?

कधी कधी साखळीतल्या सगळ्या कड्या ठीक निघतात आणि तरीही बॅटरी रिकामी होते. अशा वेळी घरखर्चाचा करतो तसा जमाखर्च मांडावा. त्या काळच्या ल्युकस पद्धतीच्या डायनामोची जमा साधारण १९ ते २२ अँपिअर, तीही चांगल्या वेगात.

आता खर्च बघा. ६० वॉटचे दोन हॅलोजन म्हणजे १२० वॉट, १२ व्होल्टला भागले की १० अँपिअर. मागचे दिवे, नंबर प्लेट, मीटरचे दिवे मिळून दोन-अडीच. इग्निशन कॉइलला तीन-चार. वायपरला आणखी दोन-तीन. बेरीज १७ ते साडेएकोणीस झाली. यात टेप, छोटा पंखा, मोबाइलचा चार्जर आणि पुढे लावलेले दोन फॉग लाइट मिळवले की जमेपेक्षा खर्च जास्त होतो. कोणी हौसेने १०० वॉटचे बल्ब बसवले असतील तर दोन हेडलाइटच १६ अँपिअरच्या वर जातात. शहराच्या गर्दीत, मंद वेगात, जमा शून्याच्या जवळ आणि खर्च चालूच. अशा गाडीत नवी बॅटरी बसवणे म्हणजे फुटक्या रांजणाला रंग देणे होय.

अल्टरनेटर बसवावा का?

अल्टरनेटर मंद गतीलाही चार्जिंग करतो आणि डायनामोपेक्षा बराच जास्त प्रवाह देतो, हे खरे. रोज शहरात, रात्री-बेरात्री गाडी वापरायची असेल तर हा बदल उपयोगी आहे. मात्र त्याच्या अटी ध्यानात घ्या.

इंग्रजी घडणीच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक अंगाला जोडलेले असते, तर आजचे अल्टरनेटर निगेटिव्ह अर्थसाठी असतात. उलट जोडणी झाली तर त्यातले डायोड क्षणात जळतात. म्हणून आपल्या गाडीत कोणते टोक अंगाला जाते ते आधी स्वतः पाहा. जुना कंट्रोल बॉक्स वाटेतून काढावा लागतो, चार्जिंगची तार जाड घ्यावी लागते आणि पुली पट्ट्याच्या अगदी रेषेत बसवावी लागते. अल्टरनेटर बसवल्यावर इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून ‘चार्जिंग पाहण्याची’ जुनी सवय सोडावी, त्याने अल्टरनेटर आणि रेग्युलेटर दोन्ही खराब होऊ शकतात. लाल दिव्याचा बल्बही नीट ठेवावा. बहुतेक अल्टरनेटरना सुरुवातीची चेतना त्याच्यातूनच मिळते.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे, जुन्या सैल तारा आणि गंजलेले अर्थिंग तसेच ठेवून अल्टरनेटर बसवला तर दोष गाडीतच राहतो. अल्टरनेटर ही सोय आहे, निदान नव्हे. आणि तो बसवलाच तर मूळ डायनामो व कंट्रोल बॉक्स भंगारात देऊ नका. मूळ स्वरूपातल्या जुन्या गाडीचे मोल वेगळेच असते. उद्या तुमच्या मुलांना तिला पूर्वीसारखी करावीशी वाटेल.

ताईंच्या पत्रातल्या खुणा

ताई, निम्मे निदान तुम्हीच लिहून पाठवले आहे. लाल दिवा मंद पेटतो आणि वेगाबरोबर उजळतो. म्हणजे डायनामो बहुधा वीज करतो आहे आणि ती वाटेत अडते आहे. बॅटरीवाला दोष नाही म्हणतो, तेही या चित्राशी जुळते. म्हणून वाइंडिंग, अल्टरनेटर आणि विक्री हे तिन्ही विचार तूर्त बाजूला ठेवा. बॅटरी बाहेरून पूर्ण चार्ज करून घ्या. मग अर्थिंग, डी आणि बॅटरी यांच्यातला फरक, कंट्रोल बॉक्सचे कॉन्टॅक्ट व ई टर्मिनल, या क्रमाने तपासा. डी वर आकडा कमी निघाला तरच डायनामोकडे वळा. दोष सापडेपर्यंत रात्रीचा प्रवास टाळा. हेडलाइट पिवळे पडणे ही केवळ गैरसोय नव्हे, तो जिवाशी खेळ आहे.

सासऱ्यांना मात्र ‘तुमच्यामुळे बॅटरी बसते’ असे म्हणू नका. त्यांची माया खरी आहे, पद्धत तेवढी बदलायची. रविवारी सकाळी त्यांनाच शेजारी बसवून गाडी बायपासपर्यंत फिरवून आणा. या गाडीचा नेहमीचा आवाज कसा असतो, हे त्यांच्याइतके कोणत्या मिस्त्रीला माहीत असणार? तपासणीच्या दिवशीही मीटर तुम्ही धरा आणि कोणती तार केव्हा बदलली, हे त्यांना विचारा.

काम करताना एवढे सांभाळा

• हातातल्या बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. धातूमुळे शॉर्ट झाला तर हात भाजतो.

• पदर, ओढणी, मोकळे केस आणि सैल बाह्या फॅनपासून दूर ठेवा. मुलांना बॉनेटजवळ येऊ देऊ नका.

• बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो. जवळ काडी, विडी-सिगारेट नको. गाडी उघड्यावर ठेवूनच तपासा.

• केबल काढताना अर्थकडची आधी काढा, लावताना तीच शेवटी लावा.

• बॅटरीचे पाणी अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यांत गेल्यास पाण्याने धुवत राहा आणि विनाविलंब डॉक्टरांकडे जा.

एक छोटी वहीही गाडीत ठेवा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळचे व्होल्ट, इंजिन चालू असतानाचे व्होल्ट, पट्टा आणि बॅटरीचे पाणी, अशा चार नोंदी करा. पाच मिनिटांचे काम आहे. आकडा घसरू लागला की तो वहीत आधी दिसेल, रस्त्यावर नंतर. आणि मिस्त्रींकडे जाताना ही वही बरोबर न्या. ‘गाडी लागत नाही’ असे सांगणाऱ्या ग्राहकाला बॅटरी विकली जाते. आकडे दाखवणाऱ्याची गाडी मात्र दुरुस्त होते.